फुली मारलेल्या जागी सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: वय 33, पुण्यात नोकरी, हातात येणारा पगार महिना 78 हजार. लग्नाआधी बँक, विमा, कर सगळं वडील बघत, लग्नानंतर नवरा बघतो. पेन्सिलने फुली मारलेला कागद समोर आला की तिथे सही करायची, एवढाच स्वतःचा सहभाग. आता गावाकडच्या एका पतसंस्थेची नोटीस आली आहे. मामेभावाच्या पाच लाखांच्या कर्जाला आपण जामीनदार आहोत, 3 लाख 40 हजार थकले आहेत आणि ते भरा, असं त्यात लिहिलंय. कधी सही केली तेही आठवत नाही. 'आता तरी स्वतःच्या आयुष्याची जबाबदारी स्वतः घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?'

जबाबदारी तुम्ही आता घेणार आहात असं तुम्ही म्हणता, पण कायद्याच्या दृष्टीने ती पहिल्या सहीपासून तुमचीच आहे. निर्णय दुसऱ्याने घेतले आणि सही तुमची, एवढाच काय तो घोळ. त्यामुळे सुरुवात मनाचा निर्धार वगैरेपासून करू नका. आपली सही कुठे कुठे पडली आहे, हे शोधण्यापासून करा. दोष कोणाचा, मामेभावाचा की 'घरचंच तर आहे, कर सही' म्हणणाऱ्यांचा, हा प्रश्न रास्त आहे, पण तो नंतरचा. आधी नोटीस.

पतसंस्थेच्या कर्जप्रकरणात जामीनदाराची जागा नेमकी काय असते, ते बहुतेकांना सही केल्यावर कळतं. लोकांना वाटतं, आधी कर्जदाराकडून वसुली होईल, त्याची जमीन-गाडी विकली जाईल आणि उरलंच तर आपल्याकडे येतील. तसं नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराचं दायित्व कर्जदाराइतकंच असतं. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर संस्था थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि बहुतेक वेळा येतेच, कारण पगारदार माणसाकडून वसूल करणं सोपं. जामीनदार म्हणून पगारपत्रक मागतात ते उगाच नाही.

हातातला कागद नक्की कोणत्या टप्प्याचा आहे ते आधी ओळखा. संस्थेच्या लेटरहेडवरचं मागणीपत्र असेल तर प्रकरण अजून संस्थेपाशीच आहे. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडून सुनावणीची तारीख देणारी नोटीस असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करायच्या हुकमासाठी, अर्ज झालेला आहे. आणि वसुली अधिकाऱ्याची नोटीस असेल तर दाखला निघून गेला आहे, आता टाच येऊ शकते. दुसऱ्या टप्प्यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात. 'कर्ज माझं नाही, मी कशाला जाऊ' म्हणून सुनावणीला जात नाहीत, आणि एकतर्फी दाखला निघतो. त्यावर पुनरीक्षण अर्ज, म्हणजे दाखला फेरतपासायची विनंती, करता येतो, पण त्यासाठी वसूल करायच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. म्हणजे तुमच्या बाबतीत 1 लाख 70 हजार, नुसतं म्हणणं ऐकून घ्या म्हणण्यासाठी.

टप्पा कुठलाही असो, लेखी अर्ज देऊन चार कागदांच्या प्रती मागा: कर्जमागणी अर्ज, जामीनपत्र, कर्जखात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा आणि मुदतवाढ किंवा पुनर्गठन झालं असल्यास त्याचा ठराव. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, म्हणजे शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. जामीनपत्र आलं की तीन गोष्टी पाहा. सही खरंच तुमची आहे का. पाच लाखांसाठी जामीन होता आणि नंतर कर्ज वाढवलं गेलं का. तुम्हाला न विचारता अटी बदलल्या का. संमतीवाचून अटी बदलल्या असतील तर त्या बदलानंतरच्या व्यवहारापुरता जामीनदार सुटू शकतो. 'मी वाचलं नव्हतं' हा मात्र बचाव नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडी तर नाहीच.

पुष्कळांचा पुढचा प्रश्न, जामीन मागे घेता येतो का? एकदा दिल्या गेलेल्या मुदत कर्जाचा नाही. कॅश क्रेडिटसारखं चालू खातं असेल तर लेखी सूचना देऊन पुढच्या उचलीपुरता घेता येतो, आधीच्या बाकीची जबाबदारी राहतेच.

पैसे भरायचीच वेळ आली तर मामेभावाच्या हातात रोख देऊ नका. संस्थेत एकरकमी परतफेडीची, म्हणजे सामोपचार योजना चालू आहे का विचारा. व्याजात सूट मिळत असेल तर मामेभावाला सोबत घेऊन अर्ज करा. रक्कम स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि पावतीवर 'जामीनदार या नात्याने' असं लिहून घ्या. हे तीन शब्द असले तर भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागायचा तुमचा हक्क कागदावर येतो. नसले तर उद्या तो म्हणेल, ताईने मदत केली होती. हा दावा पैसे भरल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. नात्यात दावा कोण करतं, हे खरं. पण निदान त्याच्याकडून हप्त्यांचं कबुलीपत्र घ्यायला काय हरकत आहे?

कर्जप्रकरणासोबत सही केलेले कोरे चेक दिले होते का, हेही विचारा. जामीनदाराकडून दोन-तीन चेक घेऊन ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. सही करून स्वखुशीने दिलेल्या चेकवर रक्कम दुसऱ्याने लिहिली, एवढ्या कारणाने चेक न वटल्याच्या खटल्यातून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. चेकबुकाची स्थळप्रत किंवा मागच्या पानावरची नोंद काढा, कोणते क्रमांक वटलेले नाहीत आणि हातातही नाहीत ते लिहून ठेवा. चेक परत गेल्याची वकिली नोटीस आली तर ती मिळाल्यापासून 15 दिवस तुमच्या हातात असतात. त्या मुदतीत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही.

आता बाकीच्या सह्या. एक शंभरपानी वही घ्या. एक्सेलही चालेल, पण वही घरात कोणालाही सापडते. प्रत्येक पानावर एक व्यवहार: संस्था, खाते किंवा पॉलिसी क्रमांक, माझी भूमिका, नोंदवलेला मोबाइल, नॉमिनी, कागद कुठे ठेवलाय. यात 'माझी भूमिका' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. खातेदार, सहकर्जदार, जामीनदार, साक्षीदार, भागीदार, संचालक, यांपैकी काय? साक्षीदाराने फक्त समोरच्याने सही केली एवढं पाहिलेलं असतं, कर्ज त्याच्या अंगावर येत नाही. फार तर साक्षीला बोलावतील. फुली सगळ्या ठिकाणी सारखीच दिसते, म्हणून तिच्या शेजारी छापलेला शब्द वाचायचा.

वही भरायला माहिती आणायची कुठून? पहिला स्रोत क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना दर वर्षी एक संपूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. निदान दोघांचा काढा. त्यात प्रत्येक कर्जापुढे तुम्ही कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार ते लिहिलेलं असतं. न घेतलेलं कर्ज दिसलं तर तिथेच तक्रार करा. 30 दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पतसंस्थांची कर्जं मात्र या अहवालांत बहुतेकदा दिसतच नाहीत. तुमचं हेच प्रकरण नोटीस येईपर्यंत कळलं नाही ते त्यामुळेच. त्यासाठी घरात तोंडाने विचारणं हा एकच मार्ग: 'बाबा, माझ्या सहीने अजून कुठे काही आहे का?' असं विचारून ते आठवत बसतील तेव्हा शेजारी वही उघडून बसा.

दुसरा स्रोत आयकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. तुमच्या पॅनवर कुठल्या बँकेने व्याज दिलं, कुठे शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले गेले, सगळं त्यात येतं. वडिलांनी तुमच्या नावावर ठेवलेली, तुम्हाला माहीतच नसलेली मुदत ठेव इथे सापडते. वडिलांनी दिलेले पैसे करमुक्त असतात, पण त्यावरचं व्याज तुमचं उत्पन्न, आणि ते विवरणपत्रात दाखवायचं असतं. इथे आलाच आहात तर पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे तोही बघा. करसल्लागाराचा असतो, असं अनेकदा निघतं. मग खात्याची नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. परतावा जास्त मिळावा म्हणून कुणी न दिलेली देणगी किंवा न भरलेलं भाडं दाखवलं असेल, तर चुकीच्या माहितीबद्दलचा दंड त्या कराच्या दुप्पट असू शकतो आणि तो तुम्हाला लागतो, सल्लागाराला नाही. विवरणपत्र सल्लागाराकडूनच भरून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त सादर करण्याआधी पीडीएफ मागवा, एआयएसशी ताडून बघा, आणि 30 दिवसांच्या आतलं ई-व्हेरिफिकेशन स्वतः करा.

मोबाइल क्रमांकाचं आणखी थोडं. आधार, पॅन, बँक, ईपीएफ (नोकरीतला भविष्य निर्वाह निधी) सगळीकडे स्वतःचा क्रमांक असायला हवा, आणि बदलताना आधी आधारचा बदला, कारण बाकीच्या ठिकाणची ओळख-पडताळणी त्यावरून होते. आता सहीची जागा ओटीपीने घेतली आहे. मीटिंगमध्ये असताना नवऱ्याचा फोन येतो, 'एक ओटीपी आलाय बघ, सांग पटकन', आणि आपण सहा आकडे सांगून टाकतो. ते सहा आकडे म्हणजे सही. एसएमएसच्या पहिल्या ओळीत तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं: कर्जाची संमती, लाभार्थी जोडणे, ई-साइन. ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायची आणि मग आकडे सांगायचे, एवढी सवय लावून घेतली तरी निम्मं काम झालं.

तुम्ही नोकरी करता आणि विवाहित आहात, म्हणजे घराच्या कर्जात सहकर्जदार असण्याचा संभव मोठा. दोघांचा पगार धरला की कर्ज जास्त मिळतं. इथे इंडेक्स टू, म्हणजे घरखरेदीच्या दस्तनोंदणीचा उतारा, काढून बघा. त्यावर खरेदीदार म्हणून तुमचं नाव आहे का? सहकर्जदार म्हणून संपूर्ण कर्जाची जबाबदारी तुमची, निम्म्याची नव्हे. पण नाव फक्त कर्जावर असेल आणि करारनाम्यावर नसेल, तर हप्ते भरूनही तुम्ही मालक ठरत नाही, आणि व्याजावरची करसवलतही मिळत नाही. नाव नसेल तर बँकेची संमती घेऊन नवऱ्याकडून हिश्श्याचं बक्षीसपत्र करून घेता येतं. निवासी घर पती-पत्नीत बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, इतर अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. उलट प्रकारही असतो. फक्त स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, 1 एप्रिल 2021 पासून. त्यासाठी घर बायकोच्या नावावर घेतात आणि तिला किती रकमेला घेतलं तेही माहीत नसतं.

ईपीएफ. लग्नानंतर नामनिर्देशन नव्याने करणं आवश्यक आहे, आणि ते बहुतेक जणींचं राहून गेलेलं असतं. आडनावाचाही घोळ इथेच अडतो: आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, ईपीएफवर तिसरंच स्पेलिंग. कुठलं नाव लावायचं ते तुम्ही ठरवा, माहेरचंच ठेवलं तरी कायद्याची हरकत नाही. पण एकच ठरवा, आणि आधार, पॅन, ईपीएफ, बँक या क्रमाने सगळीकडे तेच करून घ्या. जुन्या कंपनीतलं पीएफ खातं चालू यूएएनला (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकाला) जोडलं आहे का आणि त्यात नोकरी सोडल्याची तारीख पडली आहे का, तेही पासबुकात दिसतं. तारीख नसेल तर पुढे पैसे काढताना दावा अडकतो.

विम्यात ओळखीच्या एजंटने भरून घेतलेला प्रस्ताव अर्ज काढून वाचा. पॉलिसीसोबत त्याची प्रत येते. आजारांच्या प्रश्नांपुढे सरसकट 'नाही' लिहिलेलं असतं आणि खाली सही तुमची. थायरॉइडची गोळी चालू असताना 'नाही' लिहिलं गेलं असेल तर कंपनीला आताच लेखी कळवा. हप्ता थोडा वाढेल, पण दाव्याच्या वेळी घरच्यांना भांडत बसावं लागणार नाही. नकोशी बचत-पॉलिसी चिडून लगेच मोडू नका. ती 'पेड-अप' करता येते: 20 वर्षांच्या, आठ लाखांच्या पॉलिसीचे सहा वर्षांचे हप्ते भरले असतील, तर हप्ते थांबवल्यावर विमारक्कम साधारण 6/20 प्रमाणात, म्हणजे 2 लाख 40 हजार उरते, जमा बोनस वेगळा. हा आकडा आणि आज मोडली तर मिळणारा आकडा, दोन्ही कंपनीकडून लेखी मागवा आणि मग ठरवा. एजंट नात्यातला असेल तर ही चौकशी त्याच्यामार्फत करू नका.

नॉमिनीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा राहतो. आणि हिंदू वारसा कायद्यात विवाहित स्त्रीबाबत एक गोष्ट आहे जी कमावत्या मुलींना सहसा कोणी सांगत नाही: मृत्युपत्र नसेल तर तिची स्वकष्टार्जित मिळकत आधी मुलं आणि नवरा यांना, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यांच्यानंतर तिच्या आईवडिलांना जाते. आईवडिलांसाठी काही ठेवायचं असेल तर मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत.

हे सगळं एका रविवारी होणार नाही. नोटिशीचं काम या आठवड्यात. क्रेडिट रिपोर्ट आणि एआयएस पुढच्या दोन रविवारी, प्रत्येकी तासभर. बाकीचं महिन्याला एक विषय या गतीने सहा महिने धरा. एकदम सगळी खाती आपल्याकडे ओढली की दुसऱ्याच महिन्यात एखादा हप्ता चुकतो आणि 'तुला जमणार नाही, दे इकडे' सुरू होतं. हप्त्यांच्या तारखा आणि ऑटो-डेबिट चालू असलेलं खातं आधी लिहून घ्या, तोवर त्या खात्याला हात लावू नका.

घरात हा विषय काढणं फॉर्म भरण्यापेक्षा अवघड, आणि बहुतेक बेत तिथेच मोडतात. 'तू मला काही सांगत नाहीस' अशी सुरुवात केली की पुढचा तास 'माझ्यावर विश्वास नाही का' यावर जातो. त्यापेक्षा काम मागा: 'या वर्षीचं माझं रिटर्न मी भरणार, तू बाजूला बस. चुकलं तर सांग.' ज्याने इतकी वर्षं सगळं सांभाळलं त्यालाही ते ओझंच वाटत आलेलं असतं. मात्र साधी माहिती मागितल्यावर, खाते क्रमांक, कर्जाची बाकी, पासवर्ड, वारंवार टाळाटाळ होत असेल, तर ती गोष्ट वेगळी आहे. अशा वेळी पगार येणाऱ्या खात्याचा पासवर्ड बदला, निदान तीन महिन्यांच्या स्वतःच्या खर्चाइतके पैसे एकट्याच्या नावावरच्या खात्यात ठेवा आणि पुढचं वकिलाशी बोलून करा.

यापुढे कागद समोर आला तर एक रात्र मागून घ्या. 'उद्या सकाळी सही करते' म्हटल्याने कुठलंही खरं कर्ज बुडत नाही. कोऱ्या जागांवर आडवी रेघ मारा, सहीखाली तारीख घाला, प्रत्येक पानाचा फोटो काढा. जामीन राहायची विनंती नात्यातूनच येते आणि नाही म्हणणं जड जातं, ते समजण्यासारखं आहे. अशा वेळी तेवढी रक्कम त्याला परत न मिळण्याच्या तयारीने आपण देऊ शकतो का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर 20 हजार हातउसने देणं पाच लाखांच्या सहीपेक्षा पुष्कळ स्वस्त.

आणि आता आलेल्या नोटिशीचं पाकीट जपून ठेवा. मुदती नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि ती तारीख दाखवायला पाकिटावरचा टपालाचा शिक्काच कामी येतो.